चटका न लागणारा हात

बोरगाव मेघे, वर्धा
१४ जुलै २०२४

प्रिय मावशी,

पाया पडते. तुझ्या कानांची आणि फोनची सोयरीक काही केल्या जुळत नाही, म्हणून हे पत्र. सुरभीच्या मोबाइलवर पाठवलं असतं, पण ती वाचून दाखवताना अर्धं गाळते आणि उरलेल्यात स्वतःचं घालते. लहानपणापासून तुझ्या घरात वाढले, त्यामुळे तुझी लेक मला चांगलीच माहीत आहे.

फिजिओथेरपी सहायकाचा वर्ग सुरू झाला. तळेगावात कोणी विचारलं तर 'पोरगी मालिश शिकते' असं सांगू नको. ज्यांचं अंग अपघातानं किंवा आजारानं चालेनासं झालं, त्यांच्याकडून डॉक्टरांनी ठरवून दिलेले व्यायाम करून घ्यायचे, त्यांना उठवायचं, बसवायचं, चालवायचं. औषध द्यायचं नाही, निदान करायचं नाही. धनंजय सर रोज बजावतात की सहायकानं डॉक्टर व्हायला जाऊ नये.

पहिल्याच दिवशी बोलणी खाल्ली. बाबाराव नावाचे एक आजोबा आहेत, डावी बाजू लुळी पडलेली. मी त्यांच्या उजव्या बाजूला उभी राहिले, कारण तो हात धरायला सोपा. सर म्हणाले, "माणूस ज्या बाजूला पडणार, तिकडे उभं राहायचं असतं." बाबाराव मात्र हसून म्हणाले, "जाऊ द्या साहेब, पोरगी नवी हाय." आता मी न चुकता डाव्या बाजूला असते.

मेसची वांग्याची भाजी खाताना तुझ्या लंब्या रोट्यांची आठवण येते. इथल्या पोळ्या म्हणजे नुसता पुठ्ठा. सुरभीच्या स्थळाचं काय झालं ते लिही.

तुझी
अपेक्षा

*

तळेगाव (श्यामजी पंत)
२८ जुलै २०२४

चि. अपेक्षा,

तुला खूप आशीर्वाद. पत्र वाचून बरे वाटले. आजोबांना नीट धर, त्यांच्या घरचे तुझ्या भरवशावर असतील.

इकडे बातमी चांगली आहे. मोतीलालभाऊंनी केळझरच्या एका लग्नाचा स्वयंपाक घेतला होता, त्यांच्या गाडीत आम्ही पाच बाया रोट्या करायला गेलो. चुलीवर उपडा ठेवलेला रोट्यांचा मटका असा लाल तापला होता की बाकीच्या बाया वाटीतल्या पाण्यात सारखी बोटे बुडवत होत्या. मला आता पाणी लागत नाही. रोटी हातावर लांबवली, मटक्यावर टाकली, आणि हातानेच सरळ उचलली. शेवटी मटका जरा सरकला तर तोही मी तळहाताने नीट केला. एका बाईने विचारले, "देवकाबाई, तुमच्या हाताले चटका नाई लागत का?" मी म्हटले, "लय वर्सं झाले बाई, आता आगच मले वळखते." सगळ्या हसल्या.

तिथेच उभ्या पाहुण्यांत विवेक म्हणून एका मुलाची आई होती. तिला माझ्या रोट्या आवडल्या, मग बोलण्यातून सुरभी निघाली. मुलगा केळझरलाच बी-बियाणे आणि औषधांचे दुकान चालवतो. पुढच्या आठवड्यात बघायला येत आहेत. तुझे मावसाजी गेल्यापासून या घरात चांगली गोष्ट झाली नव्हती. आता पोरीचे नशीब उघडेल असे वाटते.

माझे ठीक आहे. उजव्या करंगळीला मोठा फोड आला होता, तो सुरभीने दाखवला तेव्हा मला दिसला. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट जरा आखडतात. वय झाले, दुसरे काय.

तुझी मावशी
देवकाबाई

*

बोरगाव मेघे
१८ ऑगस्ट २०२४

प्रिय मावशी,

स्थळाची बातमी वाचून मी खोलीतल्या पोरींना पेढे दिले. विवेक दुकानदार आहे ते बरं झालं. सुरभीशी घासाघीस करायला तसाच माणूस पाहिजे.

या महिन्यात माझी पाळी हातांच्या खोलीत आहे. काल एक बाई आली होती. दोन बोटं भाजून पिकलेली, आणि तिला दुखत नव्हतं. सर म्हणाले, दुखणारा हात बरा, कारण तो आपल्याला सांगतो तरी. मी तुझं पत्र पुन्हा काढून वाचलं.

मावशी, मला एक घरचा अभ्यास दिला आहे. घरच्या एका माणसाच्या हाताची तपासणी लिहून आणायची. तुझाच हात घेते. तू डोळे मिट आणि सुरभीला सांग की बंद बॉलपेनच्या टोकानं उजव्या हाताच्या एकेका बोटाला हलकं टेकव. कुठे कळतं, कुठे नाही, ते तू बोट दाखवून सांगायचं. मग करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट यांच्यात एक कागद धर आणि सुरभीला ओढू दे. कागद सुटतो की राहतो ते लिही. अंगावर कुठे फिकट चट्टा असेल, तर तोही.

लवकर लिही. मला अभ्यास दाखवायचा आहे. आणि तोवर रोट्या चिमट्यानं उचल, माझी शपथ आहे.

अपेक्षा

*

तळेगाव
८ सप्टेंबर २०२४

चि. अपेक्षा,

आशीर्वाद. पोळ्याच्या गडबडीत पत्र राहून गेले. तुझा अभ्यास केला. सगळ्या बोटांना पेन कळले. कागद इतका घट्ट धरला की सुरभीच्या हातात अर्धा फाटून आला. चट्टा वगैरे काही नाही. तुझ्या सरांना सांग, मावशीचा हात एकदम पास.

चिमट्याने लंबी रोटी उचलतात हे तुला कोणी शिकवले? फाटून चिंध्या होतील. मोतीलालभाऊ दुसऱ्या दिवशी दुसरी बाई आणतील.

विवेककडच्यांना सुरभी पसंत आहे. दिवाळीनंतर साक्षगंध, आणि लग्न उन्हाळ्यात. दसऱ्याला ये.

अक्षर वाकडे आले आहे, पाटावर बसून लिहिले.

देवकाबाई

*

बोरगाव मेघे
१६ ऑक्टोबर २०२४

मावशी,

दसऱ्याला तुझ्या घरून रागानं निघाले, सोनंसुद्धा नीट दिलं नाही. त्याबद्दल माफ कर. बाकी जे बोलले ते पुन्हा बोलणार आहे, आणि या वेळी तू मध्येच उठून गाईला चारा टाकायला जाऊ शकत नाहीस.

तू पेन डाव्या हाताला लावून घेतलंस, कागदही डाव्यानंच धरलास. सुरभीनं भोळेपणानं सांगितलं, "आईचा उजवा हात पिठाचा होता न, म्हून डावा देल्ला." मी तुझा उजवा हात धरला तेव्हा तू बोलत होतीस आणि मी तुझ्या करंगळीला नख लावून बसले होते. तुला पत्ता नव्हता. कोपराच्या आतल्या बाजूची नस दोरीसारखी जाड लागली, तिथे दाबल्यावर मात्र तू ओरडलीस. पाठीवर चट्टा आहे, त्याला तू नायटा म्हणतेस.

निदान करणं माझं काम नाही. पण मी रोज हेच हात बघते. मला वाटतं हा कुष्ठरोग आहे. महारोग म्हण, रगतपिती म्हण, गाव काय म्हणायचं ते म्हणो. त्याच्या गोळ्यांची पाकिटं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. सुरू केल्यावर थोड्याच दिवसांत तो कोणाला लागत नाही, आणि तो पूर्ण बरा होतो.

पण हाताचं वेगळं आहे. ती नस आत्ता सुजलेली आहे. सहा महिन्यांच्या आत औषध मिळालं तर हाताची जाण आणि ताकद परत येऊ शकते. त्यानंतर रोग बरा होतो, हात होत नाही. ही बोटं कधी आखडायला लागली ते तूच मला जुलैत लिहिलं होतंस. जानेवारीपर्यंत वेळ आहे, असं समज.

मला ताप आला म्हणून बघायला आले, असं सांगून वर्ध्याला ये. मी डॉक्टरांकडे नेते. कोणाला कळणार नाही.

अपेक्षा

*

तळेगाव
३० ऑक्टोबर २०२४

अपेक्षा,

तुझे पत्र वाचून चुलीत घातले. असे पत्र पुन्हा टपालाने पाठवू नको, पोस्टमन वाचत नाही पण माझा जीव जातो.

तू म्हणतेस कोणाला कळणार नाही. बाई, तू शहरात राहून विसरलीस. आमच्या माहेरी माझी एक काकू होती. तिचा हात असाच झाला. आधी तिला वेगळे ताट दिले, मग वेगळी खाट, मग एक दिवस काका तिला कुठेतरी सोडून आले. तिच्या लेकीचे जमलेले लग्न मोडले आणि ती पोरगी तशीच म्हातारी झाली. हे मी ऐकलेले नाही, पाहिलेले आहे.

पाकीट घ्यायला गेले की नाव लिहितात. मग घरी माणूस येतो. दवाखान्याची आशाताई आपल्याच गल्लीतली आहे. गोळ्यांनी अंगाचा रंग बदलतो, हेही दसऱ्याला तूच बोललीस. साक्षगंधाला केळझरचे वीस लोक येणार, त्यांनी विचारले तर काय सांगू? झाकली मूठ सव्वा लाखाची. एकदा सुरभीच्या डोक्यावर अक्षता पडल्या की दुसऱ्या दिवशी तू नेशील तिथे येते. तोवर हातात जेवढा जीव आहे तेवढ्यावर भागवीन.

सुरभीला यातले काही माहीत नाही. तिला सांगितलेस तर मी तुला वाढवले होते हे विसर, आणि या घराची पायरी चढू नको. हे रागाने लिहीत नाही. चार दिवस विचार करून लिहीत आहे.

दिवाळीचा चिवडा मोतीलालभाऊंच्या गाडीत पाठवते.

तुझी मावशी

*

बोरगाव मेघे
२४ नोव्हेंबर २०२४

मावशी,

चिवडा मिळाला. संपवला.

तुझ्या काकूचं ऐकून मला तुझ्याशी भांडता येईना. धनंजय सरांना नाव न सांगता विचारलं. ते म्हणाले, "नातेवाईक असेल तर पाया पड, पण आण." मी पाया पडते आहे. सर हेही म्हणाले की माणसाच्या मर्जीशिवाय त्याचा आजार आपण कोणाला सांगायचा नाही. ते वाक्य मला फार सोयीचं वाटलं, आणि म्हणूनच त्याचा राग येतो. मी गप्प राहते आहे ते नियमामुळे की तुझ्या पायरीसाठी, हे मला अजून नीट कळत नाही.

रोज संध्याकाळी हात कोमट पाण्यात भिजव, तेल लाव, मांडीवर ठेवून आखडलेली बोटं दुसऱ्या हातानं सरळ कर. पाणी गरम की कोमट ते डाव्या हातानं बघ. झोपताना हातावर फोड शोध. याच्यानं औषधाचं काम होणार नाही. पण बोटं अगदीच कडक होणार नाहीत.

ये ना मावशी.

अपेक्षा

*

तळेगाव
२० फेब्रुवारी २०२५

चि. अपेक्षा,

हे पत्र सुरभी लिहून राह्यली, मी सांगून राह्यली. मायी बोटं थंडीनं आखडली म्हून लिवता येत नाई. थंडी सरली की ठीक होतीन.

लगन एप्रिलात हाय. पत्रिका येईनच, पन तुले मायं सांगनं येगळं. विवेकची आई म्हनते, मांडवात पंगतीले देवकाबाईच्या हातच्याच रोट्या पाह्यजे, मानाच्या पाच तरी. म्या हो म्हनलं. नाई कसं म्हनू?

तू येजो. दोन दिवस आंधीच येजो, सुरभीले मेंदी लाव, हळदीले नाच. पन पाहुनी म्हून येजो, दवाखाना घेऊन येऊ नोको.

देवकाबाई

(अपू, मी सुरभी. आईची बोटं थंडीनं नाही आखडली. इथे आता दुपारी पंखा लागतो. ती मला हात बघू देत नाही. तुला काही माहीत असेल तर सांग ना. लग्नाच्या घाईत मला काही सुचत नाही. पाकीट मीच चिकटवते आहे म्हणून हे लिहिता आलं.)

*

बोरगाव मेघे
२५ मे २०२५

प्रिय सुरभी,

फोनवर तुझ्या बाजूला नेहमी कोणीतरी असतं, म्हणून पत्र लिहिते आहे. एकटी असशील तेव्हा वाच.

फेब्रुवारीत तू विचारलं होतंस आणि मी उत्तर दिलं नाही. लग्नात तू तीनदा विचारलंस, तेव्हा मी मेंदीचा कोन शोधत राहिले. तुझ्या आईला कुष्ठरोग आहे. मला ऑगस्टपासून संशय होता आणि तिला जुलैपासून लक्षणं होती. तुझं लग्न मोडेल म्हणून तिनं औषध घेतलं नाही. मी तिला वचन दिलं नव्हतं, पण वचन दिल्यासारखी गप्प बसले.

मांडवात तिनं मानाच्या पाच रोट्या केल्या त्या तुला दिसल्या, पण मटक्याजवळ काय झालं ते तुला दिसलं नाही. रोटी लांबवताना बोटांनी साथ दिली नाही, म्हणून तिनं हाताची कड मटक्याला टेकवून आधार घेतला. ती तशीच उभी होती, विवेकच्या मामीशी बोलत, हसत. वास आला तेव्हा मी धावले. तिनं हात पदरात गुंडाळला आणि मला म्हणाली, "पाचवी राह्यली, ते होऊ दे." पाचवी रोटी तिनं डाव्या हातानं केली. तुझी पाठवणी होईपर्यंत ती मांडवात फिरत होती.

दुसऱ्या दिवशी ती कबूल केल्याप्रमाणे माझ्याबरोबर आली. जखम हाडापर्यंत गेली होती. करंगळी काढावी लागली. 'पाहुण्यांचं भांडं उचलताना भाजलं' असं तुला सांगितलं, ते खोटं होतं. रोगाची औषधं सुरू आहेत, रोग बरा होईल. उरलेली बोटं सरळ होणार नाहीत. डॉक्टर म्हणाले, जानेवारीत आली असती तर. मी पुढचं ऐकायला थांबले नाही.

आता तुझं. घरातल्या सगळ्यांनी तपासून घ्यायचं असतं. तुझी तपासणी व्हायला हवी, साधी असते, बहुतेक काही निघत नाही. तिकडे काय सांगून येशील ते तूच ठरव. तुझी आई म्हणते, तुला सांगितलं तर ती औषध बंद करेल. तरीही मी सांगते आहे. आणखी एकदा गप्प बसणं मला जमणार नाही.

अपू

*

केळझर
९ जून २०२५

अपू,

तुझं पत्र वाचून आधी तुझा राग आला, मग आईचा, मग माझा. मी तिच्या शेजारी रोज झोपत होते आणि मला कळलं नाही.

इकडे काय सांगून यायचं ते मला सुचेना. दोन दिवस जेवले नाही तेव्हा सासूबाईंनी दार लावून विचारलं. मी घाबरून तुझं पत्रच त्यांच्या हातात दिलं. म्हटलं, आता काय व्हायचं ते होवो. त्या खाली बसल्या. मग म्हणाल्या, "एवढंच होय व पोरी? विवेकच्या बाबानं वर्सभर ह्या गोळ्या घेतल्या. विवेक पोटात होता तवा. पाय बारीक झाला होता, चांगला झाला. पाह्यतं ना तू, दुकानात दिवसभर उभे राह्यतेत."

मी विचारलं, मग आधी का नाही सांगितलं? त्या म्हणाल्या, "कसं सांगू? आमाले भेव वाटे, तुया आईले कळलं तं स्थळ मोडन."

अपू, त्या रडत होत्या. म्हणत होत्या, "तिनं एका शब्दानं सांगतलं असतं तं मीच हात धरून नेलं असतं. मले त्या दवाखान्याचा रस्ता ठावकी हाय." आणि मानाच्या रोट्या त्यांनीच मागितल्या होत्या.

माझी तपासणी झाली, सासूबाईच घेऊन गेल्या. काही निघालं नाही.

आता एक ऐक. हे आईला सांगायचं नाही. माझं घर वाचवलं या एका गोष्टीवर ती तो हात सोसते आहे. ती गोष्टही काढून घेतली तर तिच्याकडे काय राहील? मी सासूबाईंकडून शपथ घेतली आहे, तुझ्याकडूनही घेते. तुला गप्प बसणं जमणार नाही म्हणालीस. जमव.

सुरभी

*

तळेगाव
२० जुलै २०२५

चि अपेक्षा

डाव्या हाताने लिहिते. अक्षराला हसू नको. तू सांगितले ते सगळे करते. भिजवणे, तेल, बोटे ताणणे. गोळ्या चुकवत नाही. रंग काळा पडला. बाया विचारतात तर उन्हाने म्हणते.

मोतीलालभाऊंनी रोट्यांना दुसरी बाई ठेवली. मला भाजी निवडायला बोलावतात. जाते.

सुरभी आषाढातल्या आखाडीच्या सणाला माहेरी आली होती. चेहरा भरला आहे. तिची सासू स्वतः सोडायला आली. भली बाई आहे. बसल्या बसल्या तिने एकदम माझा उजवा हात धरायला हात पुढे केला. मी चटकन पदराखाली ओढला आणि चहा ठेवायला उठले. तिला काही दिसले नाही. पण जाताना तिचे डोळे ओले होते. लेक सोडून जाताना मला व्हायला पाहिजे तसे तिला झाले.

तू अजून मनात ठेवून असशील की मावशीने ऐकले नाही. तुझे ऐकले असते तर हात राहिला असता. पण पोरीचे घर राहिले नसते. मी रात्री पडल्या पडल्या दोन्ही बाजू पाहते आणि मला झोप लागते. तूही झोपत जा.

तुझी परीक्षा जवळ आली ना. नीट कर.

आणि एक. केळझरला कधी कळू देऊ नको.

मावशी